थंड डोंगरी हवेतले दुर्मिळ आयरिस : कोरडा उन्हाळा कुठून आणायचा?

कातळफूल

बागकामाच्या गप्पांमध्ये मागे आयरिसचा विषय निघाला होता. तिथे दोघातिघांनी वेगळा धागा काढा म्हटलं, म्हणून हा. कुंपणाकडेला लावतात त्या उंच, झालरीच्या पाकळ्यांच्या आयरिसबद्दल इथे बोलायचं नाही. ते बहुतेक सगळीकडे येतात आणि त्यांच्यावर हवं तेवढं वाचायला मिळतं. मला बोलायचंय ते जुनो, ऑन्कोसायक्लस आणि रेजेलिया या गटांबद्दल. मध्य आशिया, इराण, तुर्कस्तान, कॉकेशस इथल्या डोंगरउतारांवरच्या या जाती. नर्सरीत सहसा मिळत नाहीत, आणि मिळाल्या तर "फार अवघड हं" असं सांगूनच देतात.

आम्ही कोलोराडोत, डेन्व्हरच्या पश्चिमेच्या टेकड्यांमध्ये राहतो. उंची सहा हजार फुटांच्या आसपास. हिवाळ्यात उणे २० सेल्सिअस होतं. बर्फ पडतो पण टिकत नाही. चिनूक, म्हणजे डोंगरावरून उतरणारा उबदार कोरडा वारा, सुटला की वाफे उघडे पडतात, आणि रात्री ती उघडी माती पुन्हा गोठते. ऊन कडक, हवा कोरडी, माती चिकण आणि अल्कधर्मी. भाजीवाल्या मंडळींना यातलं काहीच नको असतं. या आयरिसना मात्र जवळजवळ सगळं चालतं.

जवळजवळ म्हटलं, कारण खरी अडचण वेगळीच आहे. नकाशा उघडून बघा : या आयरिसच्या मुलखातलं, उझबेकिस्तानमधलं समरकंद आणि आमचं डेन्व्हर दोन्ही ४० अक्षांशाच्या किंचित खाली, जवळपास एका रेषेत. वर्षाचा पाऊसही सारखाच, दोन्हीकडे ३५ सेंटिमीटरच्या आगेमागे. फरक आहे तो पाऊस कधी पडतो यात. समरकंदला सगळं पाणी हिवाळ्यात आणि वसंतात मिळतं, आणि जुलै-ऑगस्ट ठणठणीत कोरडे जातात. आमच्याकडे मे महिना सर्वांत ओला, आणि जुलै-ऑगस्टमध्ये दुपारची वादळी सर येते, सोबत कधी गाराही. म्हणजे गड्डा जमिनीत झोपलेला असताना नेमकी माती गरम आणि ओली. तेवढ्यात तो सडतो. बाहेरून काही कळत नाही. पुढच्या मार्चमध्ये पानं वर येत नाहीत आणि माणूस म्हणतो, थंडीने गेला. थंडीने जात नाहीत हो हे. पामीरच्या उतारांवर याहून कडक थंडी असते.

एक उदाहरण देते. ७ सप्टेंबर २०२० ला डेन्व्हरचा पारा ९० फॅरनहाइटच्या वर होता आणि दुसऱ्या दिवशी बर्फ पडला. टोमॅटो, मिरच्या, झेंडू, सगळं काळं पडलं. जुनोंना त्याचा पत्ताही लागला नाही, कारण ते जमिनीखाली कोरड्या खडीत झोपलेले होते. त्यांचं वर्ष आपल्या वर्षाच्या उलटं चालतं. ऑक्टोबरात मुळं जागी होतात, मार्चमध्ये पानं येतात, एप्रिलमध्ये फूल, जूनमध्ये पानं पिवळी पडतात आणि मग झोप.

त्यामुळे माझा सगळा खटाटोप उन्हाळ्यातलं पाणी अडवण्याचा आहे. वाफा दक्षिणेच्या भिंतीलगत, जमिनीपासून दीड फूट उचललेला. त्यात निम्म्याहून जास्त बारीक खडी, जिला इकडचे लोक स्क्वीजी म्हणतात. बाकी जाड वाळू आणि थोडी बागेतली माती. शेणखत, कंपोस्ट काही नाही. वर दोन इंच खडीचाच थर, म्हणजे गोठणं-वितळणं चालू असताना गड्डे उचलून वर येत नाहीत आणि खोडाचा गळा कोरडा राहतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत विटांवर जुन्या खिडक्यांच्या काचा तिरप्या ठेवते, बाजू मोकळ्या. वारा खेळता हवा. काचेखाली हवा कोंडली तर पाऊस परवडला, अशी गत होते. सप्टेंबर संपताना काचा काढायच्या आणि एकदा भरपूर पाणी द्यायचं. नंतर हिवाळ्यात तीन-चार आठवडे बर्फच पडला नाही तर, माती गोठलेली नसेल असा उबदार दिवस बघून, दुपारी पुन्हा एकदा. या पाण्याचा लोकांना विसर पडतो. उन्हाळ्यात कोरडं म्हणजे बारा महिने कोरडं नव्हे.

सुरुवात करायची तर आयरिस बुखारिकाने करा. ताजिकिस्तान, उझबेकिस्तान, उत्तर अफगाणिस्तान हा त्याचा मुलूख. रोप बघितलं की आयरिस आहे यावर विश्वास बसत नाही : मक्याच्या कोवळ्या रोपासारखं दिसतं, मधोमध खोड आणि दोन्ही बाजूंना एकाआड एक लांब, पन्हळीसारखी चकचकीत पानं. फुलं त्या पानांच्या बगलेतून येतात, वरून खाली एकामागून एक उमलत. सायीच्या रंगाची, खालच्या पाकळीवर गडद पिवळा डाग. वास गोड. आयरिसमध्ये ज्या तीन पाकळ्या ताठ उभ्या असायच्या, त्या जुनोंमध्ये अगदी लहान, आडव्या किंवा खाली झुकलेल्या असतात. नीट बघितल्याशिवाय दिसतही नाहीत.

गड्डा हातात घ्याल तेव्हा सांभाळून. कांद्यासारखा गड्डा असतो आणि त्याच्या बुडाला जाड, पांढरी, बोटभर लांब मुळं लोंबत असतात. ही साठवणुकीची मुळं. पुढच्या वर्षाचं फूल त्यांच्या भरवशावर असतं, आणि जराशा धक्क्याने ती गड्ड्यापासून कडकन तुटतात. तुटली की रोप मरतं असं नाही, पण पुन्हा अंग धरायला एकदोन हंगाम घेतं. खड्डा मुळांच्या लांबीपेक्षा खोल हवा, तळाशी मातीचा लहान उंचवटा करायचा, त्यावर गड्डा बसवून मुळं चहूकडे पसरायची आणि वरून कोरडी वाळू हळूहळू ओतायची. दाबायचं नाही.

बुखारिका जमला की मॅग्निफिका. समरकंदजवळच्या डोंगरांतला, दोन फुटांपर्यंत उंच, फिकट जांभळा. ग्रेबेरिआना आणि ऑकेराय हेही इथे टिकतात. ऑन्कोसायक्लसमध्ये माझ्याकडे आयबेरिका आणि पॅराडॉक्सा आहेत, त्यांच्याबद्दल पुढे लिहिते. तुमच्यापैकी कोण कुठे काय वाढवतंय तेही येऊ दे, आणि विशेषतः उन्हाळ्यातल्या पावसाचं तुम्ही काय करता ते.

शेवंता_पुणे

खूप छान धागा, वाचनखूण साठवली. एक शंका. पुण्यात नर्सरीत "आयरिस" म्हणून रोप मिळतं, निळी-पांढरी फुलं येतात आणि एका दिवसात मिटतात. मग देठ वाकून जमिनीला टेकतो आणि तिथे नवीन रोप येतं. हे यांच्यातलंच का? आणि महाबळेश्वरला ही जुनो वगैरे मंडळी येतील का?

कातळफूल

शेवंता, ते निओमॅरिका असणार. देठाच्या टोकाला पिल्लू धरून पुढे पुढे चालत जातं म्हणून त्याला चालता आयरिस म्हणतात. कुळ आयरिसचंच, पण मूळ ब्राझीलकडचं, त्यामुळे पुण्याची हवा त्याला मानवते. खरा आयरिस पुण्यात हवा असेल तर आयरिस डोमेस्टिका लावा. पूर्वी त्याला बेलामकांडा म्हणायचे. २००५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी तो आयरिसमध्ये घातला. केशरी फुलांवर लाल ठिपके, आणि नंतर फळ उकलतं तेव्हा आत काळ्याभोर चकचकीत बिया. गरमी सोसतो आणि बियांपासून सहज येतो.

महाबळेश्वरला मात्र जुनो नाही. थंडी पुरेशी नाही हे एक, आणि जून ते सप्टेंबर तिथे जे कोसळतं त्यात कुठलाच कोरड्या देशातला गड्डा तग धरणार नाही.

टोरांटोचा_बापू

कोरड्या उन्हाळ्याचं म्हणणं शंभर टक्के पटलं. आमच्याकडे तर उन्हाळा दमट, त्यामुळे उघड्यावर जुनो म्हणजे जुगारच. मी रेटिक्युलाटा गटावर लक्ष केंद्रित केलंय. टोरांटोत राहून हे न करणं अवघड आहे, कारण या गटात गेल्या काही दशकांत जे नवीन रंग आले त्यातलं बरंच काम इथल्याच ॲलन मॅकमर्ट्री यांचं. त्यांनी तुर्कस्तानातल्या आयरिस सोफेनेन्सिस आणि डॅनफोर्डिए यांचे संकर केले. निळा, जांभळा आणि थोडा पिवळा सोडून या लहानग्या आयरिसमध्ये फारसं काही नसायचं, तिथे पांढऱ्यावर हिरवट रेघा, पिवळ्यात निळ्याची छटा असली फुलं आली.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी : रेटिक्युलाटाचा गड्डा लहान लसणीएवढा, वर जाळीदार साल, त्यावरूनच नाव. फूल चार-पाच इंच उंचीवर, मार्चमध्ये बर्फाच्या कडेला. फुलाच्या वेळी पानं आखूड असतात, नंतर फूटभर वाढतात. ती वाढू द्यावीत, कापू नयेत, कारण गड्डा तेव्हाच भरतो.

यातली लोकांची सगळ्यात मोठी तक्रार पिवळ्या डॅनफोर्डिएबद्दल असते. पहिल्या वर्षी दणकून फुलतो, दुसऱ्या वर्षी नुसत्या पात्या. होतं काय, फुलल्यावर मूळ गड्डा फुटून त्याची तांदळाएवढी पिल्लं होतात आणि त्यांना फुलायच्या वयाला यायला वर्षं लागतात. सहा-आठ इंच खोल लावला तर फुटण्याचं प्रमाण कमी होतं असा इकडच्या जुन्या बागवाल्यांचा अनुभव आहे, आणि मीही खोलच लावतो. वसंतात पातळ खत द्यायचं, पोटॅश जास्त असलेलं.

कातळफूल, तुमच्या नियमाला एक अपवाद नोंदवून ठेवतो. आयरिस विनोग्राडोव्हाय. कॉकेशसच्या उंच कुरणांतला, फिकट लिंबू रंगाचा, अतिशय देखणा आणि निसर्गात फार थोडा उरलेला. याला उन्हाळ्यात पूर्ण वाळवलंत तर तो जाईल. थंड, किंचित ओलसर माती हवी. हिस्ट्रिओइडीसशी त्याचा जो संकर आहे, 'कॅथरीन हॉजकिन', तो मात्र काहीही सोसतो. फिकट निळ्या पाकळीवर पिवळं आणि निळे ठिपके. नवख्या माणसाने पहिला गड्डा घ्यावा तर हा.

आणि अजून एक. गड्डे विकत घेताना सालीवर शाईसारखे काळे डाग असतील तर घेऊ नका. ती बुरशी आहे, शेजारचे गड्डेही घेऊन जाते. मला एका मोठ्या दुकानातून अशी अख्खी पिशवी मिळाली होती. सगळी कचऱ्यात टाकली, कंपोस्टमध्ये नाही.

लेहवासी

मी मूळची साताऱ्याची, नवऱ्याच्या नोकरीमुळे लेहला. इथे आयरिस मुद्दाम लावावा लागत नाही. गावाबाहेर कालव्याच्या कडेला आणि कुरणांत आयरिस लॅक्टियाची बेटंच्या बेटं आहेत. पानं ताठ, चिवट, गवतासारखी अरुंद. फूल फिकट निळं-जांभळं, रेघारेघांचं. मे-जूनमध्ये येतं. खारवट जमीन, उणे २० ची थंडी, गुरांचं तुडवणं, काही म्हणजे काही होत नाही त्याला. गुरं हिरवा खात नाहीत, म्हणूनच तो टिकलाय असं मला वाटतं.

काश्मीरमध्ये वसंतात गेलात तर वेगळंच दृश्य असतं. तिथे कबरस्तानांत आयरिस लावायची जुनी पद्धत आहे, पांढरा आणि जांभळा. पांढऱ्याला वनस्पतिशास्त्रात काश्मिरिआना असंच नाव आहे. एप्रिल-मेमध्ये श्रीनगरच्या आसपास रस्त्याने जाताना, गवत वाढलेल्या उंचवट्यावर शेकडो फुलं दिसतात आणि मग लक्षात येतं की ते कबरस्तान आहे. कुणी त्यांना पाणी घालत नाही, खत घालत नाही. गुलमर्गच्या कुरणांत हुकेरिआना दिसतो, तो बुटका, फुलावर गडद ठिपके असलेला. त्याचाच भाऊबंद केमाओनेन्सिस कुमाऊँपासून पूर्वेला, दहा हजार फुटांच्या वर. हे दोन्ही दाढीवाले (खालच्या पाकळीवर केसांची पट्टी असते, ती दाढी), पण त्यांची दाढी बागेतल्या आयरिसपेक्षा वेगळी, वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांचा गट वेगळा धरतात.

आता प्रश्न. लेहला वर्षाला दहा सेंटिमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ. उन्हाळ्यात काचा लावायची गरज पडणार नाही. मग बुखारिका इथे येईल का? आणि हुकेरिआना खालच्या खोऱ्यातून आणून लावावा का? बऱ्याच जणांनी सांगितलं की उपटून आणलेला जगत नाही.

कातळफूल

@लेहवासी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. काश्मिरिआनाबद्दल एक भर घालते. आज जगभर जे उंच, मोठ्या फुलांचे दाढीवाले आयरिस दिसतात त्यांच्या पूर्वजांमध्ये तो आहे. केंब्रिजचे शरीरशास्त्रज्ञ सर मायकेल फॉस्टर यांना आयरिसचं वेड होतं. भारतात, तुर्कस्तानात असलेल्या ओळखीच्या लोकांकडून ते गड्डे मागवत आणि संकर करत. १९०७ मध्ये ते गेले, पण त्यांच्या बागेत तयार झालेल्या संकरांत काश्मीरच्या आयरिसचा अंश होता. माझ्या शेजारणीच्या कुंपणाशी जे पांढरं फूल डुलतंय त्याच्या वंशात कुठेतरी श्रीनगरचं कबरस्तान असू शकतं.

बुखारिका लेहला यायला हरकत नाही, पण तुमचा प्रश्न माझ्या बरोबर उलटा असेल. तुमच्याकडे वसंतातलं पाणी कमी पडेल. मार्चअखेर ते मे त्याला भरपूर पाणी लागतं. डोंगरउतारावर ते वितळत्या बर्फातून मिळतं. तुमच्याकडे कालव्याला पाणी सुटायला उशीर होत असेल तर तोवर बादलीने घालावं लागेल. जूनमध्ये पान पिवळं पडलं की बंद. त्यामुळे ज्या वाफ्याला उन्हाळाभर पाट जातो, भाजी असते, तिथे लावू नका. दगडी बांधावर, पाटाच्या वरच्या अंगाला लावा.

आणि हुकेरिआना उपटून आणू नका, हे कळकळीने सांगते. जगत नाही म्हणून तर नकोच, पण जगला असता तरी नको. कुरणातलं एक बेट तयार व्हायला किती वर्षं गेली असतील! ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बोंड उकलायला लागलं की एकदोन बोंडांतल्या बिया घ्या, बाकी तिथेच सोडा, आणि तेही संरक्षित क्षेत्राबाहेर, परवानगीच्या जागी. ऑन्कोसायक्लसचं जे झालं ते यांचं होऊ नये. त्यांची वस्ती मुळातच तुटक, एकेका टेकडीपुरती. काही ठिकाणी शेती आणि घरं आली, काही ठिकाणी गोळा करणाऱ्यांनी टेकड्या रिकाम्या केल्या.

आडवाट

धागा आवडला, पण थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नये. मी न्यू मेक्सिकोत, सात हजार फुटांवर. शुद्ध ऑन्कोसायक्लसच्या मागे लागून लोक वर्षानुवर्षं काचा उचलतात आणि ठेवतात. त्यापेक्षा अरिलब्रेड लावा की. म्हणजे ऑन्को किंवा रेजेलिया यांचा बागेतल्या दाढीवाल्या आयरिसशी केलेला संकर. 'विल्यम मोर' हा १९२५ मधला, त्याचा एक पालक इराकी-तुर्की डोंगरांतला गॅटेसाय. पण तो जवळजवळ वांझ होता, पुढे फारसं नेता येत नव्हतं. नंतर कॅलिफोर्नियात क्लॅरेन्स व्हाइट यांनी बी धरणारे संकर काढले आणि मग रस्ता मोकळा झाला. आज या गटाच्या एका पदकाला त्यांचं नाव आहे.

यांच्यात ऑन्कोचा तो गोल, भरदार आकार येतो, खालच्या पाकळीवरचा काळा डाग येतो, रेघा येतात. आणि सोसण्याची ताकद दाढीवाल्याची. माझ्याकडे उंच वाफ्यात उघड्यावर आहेत. जुलैच्या सरी आमच्याकडेही येतात. क्वचित एखादा गड्डा सडतो. तेवढा भाग खरवडून, चांगला तुकडा उन्हात दोन दिवस सुकवून परत लावतो. अर्ध्याहून कमी ऑन्कोचं रक्त असलेले अगदी सोपे. जास्त असलेले थोडे चोखंदळ.

रेजेलियापैकी हूगिआनाही असाच सोशिक. ताजिकिस्तानातला, पूर्ण निळसर-जांभळा, एकही डाग नाही, रेशमासारखी झाक. स्टोलोनिफेरा त्याहून दणकट, तपकिरी आणि निळा एकाच फुलात. ज्याला हाताशी वेळ कमी आहे त्याने इथवर थांबावं असं माझं मत.

कातळफूल

@आडवाट, राग कसला. हूगिआना आणि स्टोलोनिफेराबद्दल पूर्ण सहमत, आणि अरिलब्रेड माझ्याकडेही आहेत. पण ते मिळाले म्हणून मूळ जाती सोडाव्यात हे मला मान्य नाही. कारण सांगते.

आयबेरिकाचं फूल जमिनीपासून वीतभर उंचीवर येतं, एका देठावर एकच. वरच्या पाकळ्या पांढुरक्या, पातळ, घुमटासारख्या मिटत आलेल्या. खालच्या पाकळ्या तपकिरी-जांभळ्या रेघांच्या दाट जाळीने भरलेल्या, चमच्यासारख्या वळलेल्या, आणि मध्ये काळा मखमली डाग. गुडघे टेकून आत बघितलं की त्या काळ्या डागाच्या वर एक लहानसं अंधारं भुयार दिसतं. त्या मुलखात एकट्या राहणाऱ्या रानटी मधमाश्यांचे नर संध्याकाळी अशा भुयारांत झोपायला येतात. या फुलांत मध नसतो. मिळतो तो निवारा. सकाळी गडद पाकळ्या उन्हाने लवकर तापतात, माशी ऊब घेऊन उडते आणि जाताना परागकण पुढच्या फुलात नेते. संकरात फूल मोठं होतं, पाकळ्यांना चुण्या पडतात, देठ उंच होतो, तीनचार कळ्या येतात. बागेसाठी सगळं चांगलंच. पण ज्या रचनेमुळे ते फूल तसं झालं, ती रचना हरवते. मला ती बघायची असते, म्हणून मी काचा उचलते आणि ठेवते.

शिवाय बागेत राखलेल्या जातींचं पुढे काय होतं याचं उदाहरण सुसिआना. १५७३ मध्ये इस्तंबूलहून व्हिएन्नाला आला, करडा, काळ्या रेघांनी भरलेला, शोकाचा आयरिस म्हणतात त्याला. तेव्हापासून तोच एक गड्डा तोडून तोडून वाढवला गेला. आज तो विषाणूने पोखरलेला आहे आणि रानात नक्की कुठला हे सांगता येत नाही. लेबनॉनकडचा असावा असं मानतात. बियांपासून वाढवणं एवढ्यासाठी हवं. विषाणू सहसा बियांतून पुढे जात नाही.

मृद्गंध

मी यूटामध्ये, सॉल्ट लेक सिटीजवळ. बियांचं सविस्तर लिहा ना ताई. मागच्या शरद ऋतूत ऑन्कोच्या बिया कुंडीत पेरल्या, यंदा एकही आली नाही. कुंडी रिकामी करावी म्हणते. आणि ज्याला काचा-बिचा काही नको अशा एखाद्या स्थानिक जातीचं नावही सुचवा.

कातळफूल

@मृद्गंध, कुंडी अजिबात रिकामी करू नका! ऑन्कोच्या बिया दुसऱ्या, तिसऱ्या, कधी पाचव्या वसंतातही येतात, आणि एका बोंडातल्या सगळ्या एकाच वर्षी येत नाहीत. कोरड्या देशातली ही खबरदारी आहे : एखादं वर्ष दुष्काळी गेलं तर सगळी पिढी जाऊ नये. कुंडीवर खडीचा थर असेलच, वर नावाची पट्टी शिसपेन्सिलने लिहिलेली असू दे (शाई उन्हाने उडते), आणि ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत कुंडी बाहेर थंडीत ठेवा, उन्हाळ्यात सावलीत कोरडी.

धीर नसेल तर दुसरी पद्धत आहे, हाताची. ऑन्कोची बी वाटाण्याएवढी, सुरकुतलेली, तपकिरी, आणि एका टोकाला तिला मलईच्या रंगाची जाडसर टोपी चिकटलेली असते. आठवडाभर पाण्यात भिजवा, पाणी रोज बदलत. उगवण रोखणारी द्रव्यं त्यात थोडीफार निघून जातात. मग टोपी सोलून काढा आणि धारदार पात्याने त्याच टोकाचा पातळ काप घ्या. अजून एक. आतला कडक, काचेसारखा पांढरट भाग दिसेल आणि त्याच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा, अधिक शुभ्र ठिपका. ते अंकुराचं टोक. ठिपका दिसला की हात थांबवा, त्याला कापायचं नाही. बी ओलसर परलाइटमध्ये (कुंडीच्या मातीत मिसळतात ते हलके पांढरे दाणे), झिपच्या पिशवीत घालून थंड जागी ठेवा आणि आठवड्यातून एकदा बुरशी आहे का बघा. अडथळा निघाल्यावर काही बिया लवकर मूळ धरतात, काही नाही.

जुनोंना हे काही लागत नाही. शरद ऋतूत पेरा, बाहेर ठेवा, वसंतात एकेक पाती येते. पहिल्या वर्षी खरोखर एकच, गवत समजून उपटली जाते म्हणून सांगते. फूल चार-पाच वर्षांनी.

स्थानिक म्हणाल तर आयरिस मिसूरिएन्सिस, तुमच्या आमच्या दोघींच्या डोंगरांतला. जूनमध्ये कोलोराडोच्या साउथ पार्कमध्ये, नऊ हजार फुटांवरच्या कुरणांत, मैलोन्‌मैल फिकट निळं दिसतं. वसंतात पाय बुडेल इतकं ओलं आणि नंतर पूर्ण वाळलेलं, अशा जागा तो निवडतो. पावसाच्या नळीचं पाणी पडतं तिथे लावा. जागा हलवलेली त्याला आवडत नाही. एकदा लावला की हात लावू नका.

टोरांटोचा_बापू

पाणथळ जागेसाठी कुणी पिवळा स्यूडाकोरस सुचवला तर मात्र नको म्हणा. वॉशिंग्टन, ऑरेगॉन, मोंटानामध्ये तो उपद्रवी तणांच्या यादीत आहे. नदीकाठ व्यापून टाकतो.

लेहवासी

सगळं टिपून ठेवलं. हुकेरिआनाच्या बियांसाठी इथल्या वनखात्यात विचारते. बुखारिकाच्या बिया बाहेरून मागवायच्या तर कुठून? आणि तुम्ही अमेरिकेत कशा आणता?

कातळफूल

इथे उत्तर अमेरिकन रॉक गार्डन सोसायटी आणि आयरिसच्या जातींसाठीचा सिग्ना हा गट, दोघांचीही दरवर्षी बियांची देवाणघेवाण असते. सभासद आपल्या बागेतल्या बिया पाठवतात, बाकीचे त्यातून निवडतात. माझे बहुतेक जुनो तिथून आले. परदेशातून आणायच्या तर कृषी खात्याचा लहान पाकिटांसाठीचा परवाना ऑनलाइन काढता येतो. एका पाकिटात जास्तीत जास्त ५० बिया, एका खेपेला जास्तीत जास्त ५० पाकिटं, प्रत्येकावर शास्त्रीय नाव, आणि बियांसोबत माती, काडीकचरा काही नाही.

भारतात नियम कडक आहेत. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे आयात परवाना लागतो आणि पाठवणाऱ्या देशाचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्रही. पाकीट टपालात टाकून पाठव असं कुणाला सांगू नका. अडकतं आणि नष्ट केलं जातं. त्यामुळे आधी परवान्याचं बघा. तो हाती येईपर्यंत लॅक्टियाच्या बिया पेरून बघायला हरकत नाही. त्याही शरद ऋतूतच, थंडी लागेल अशा बाहेरच्या जागी. आणि बांधावरचा तुमचा वाफा आत्ताच करून ठेवा : खडी एका हिवाळ्यात बसते, आणि बसलेल्या खडीत गड्डे हलत नाहीत.

@शेवंता_पुणे, डोमेस्टिकाच्या बिया तिथे नर्सरीत मिळाल्या नाहीत तर कळवा. धाग्यावर पुण्यातले बरेच जण आहेत, कुणाच्या तरी बागेत तो नक्की असेल.

शेवंता_पुणे

हो, आमच्याच सोसायटीत एका काकूंच्या गच्चीवर आहे असं आज कळलं! बोंडं धरलीत. उकलली की बिया घेते आणि ज्यांना हव्यात त्यांनी विपूत (माझ्या विचारपुशीत) पत्ता द्या, पोस्टाने पाठवेन.

आडवाट

मला चालतील. आणि कातळफूल, पॅराडॉक्साबद्दल पुढे लिहिते म्हणाला होतात, ते राहिलं.

कातळफूल

पॅराडॉक्सा : आर्मेनिया, जॉर्जिया, अझरबैजान, इराण इकडचा. वरच्या पाकळ्या मोठ्या, जांभळ्या, आणि खालच्या अंगठ्याएवढ्याही नाहीत, आडव्या, काळ्या दाट केसांनी भरलेल्या. आयबेरिकापेक्षा सोपा वाटला मला. खडी तीच, काचा त्याच. फक्त त्याला वाफ्याचा सर्वांत वरचा, उताराचा कोपरा देते, आणि दर तीन वर्षांनी जुलैत उकरून नव्या खडीत बसवते, कारण तो त्याच जागी दाटला की फुलणं कमी होतं. बाकी काही वेगळं करत नाही.